विषय बदलला, आता कळवायचं कुणाला?

समजा, मुंबई विद्यापीठाखालच्या सावंतवाडीच्या एखाद्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या विद्यापीठात जायचं आहे. शहाणी असेल तर ती जूनची वाट बघत नाही. जानेवारीतच समकक्षतेचा अर्ज करते, कारण अभ्यासक्रम जुळतो की नाही हे ठरायला वेळ लागतो. अर्जासोबत दोन याद्या जातात. एकीत पहिल्या सत्रात पास झालेले पेपर, दुसरीत दुसऱ्या सत्रात चालू असलेले. त्या दुसऱ्या यादीत ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे मुख्य विषयाबाहेर निवडायच्या पेपरच्या रकान्यात लिहिलेलं असतं: किनारी पर्यटन, २ क्रेडिट. क्रेडिट म्हणजे पदवीसाठी अभ्यास मोजायचं एकक.

फेब्रुवारीत कॉलेजच्या फलकावर कागद लागतो. पर्यटन शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या मॅडम दुसरीकडे रुजू झाल्या, सबब सर्वांनी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हा पेपर घ्यावा. खाली सही, शिक्का. त्या दिवसापासून त्या मुलीच्या अर्जातली एक ओळ खोटी ठरते. मुलगी खोटं बोललेली नाही, कॉलेजही नाही, तरी कागद खोटा.

आता हे तिने कुणाला कळवायचं? ज्या विद्यापीठाकडे अर्ज केला, त्याच्या संकेतस्थळावर ‘अर्जानंतर झालेला बदल’ असा रकाना बहुधा नसतो. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणतो, ‘तिथेच विचारा.’ तिथे फोन लागला तर, ‘अ‍ॅडमिशनच्या वेळी बघू.’ आणि घरी-शेजारी सल्ला तयारच असतो: ‘कित्याक सांगतंस? गप रव.’

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण चुकीचा असतो. बदल कळवणं हे विद्यार्थ्याचं काम आहे, त्यातून त्याची सुटका नाही. पण ते कळवायला एक जागा, एक तारीख आणि एक लेखी उत्तर देणं हे विद्यापीठाचं काम आहे. ते आज होत नाही, म्हणून ‘गप रव’ हाच व्यवहार झाला आहे.

आधी बदल होतात कुठून ते बघू. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात मूल स्वतः विषय बदलतं. कोकणातल्या लहान कॉलेजात विषय बहुतेक वेळा कॉलेजच बदलतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे कितीतरी गट आले. एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट, त्यातले बरेच पेपर २-२ क्रेडिटचे. कागदावर निवड भरपूर. पण दीडशे मुलांच्या कला शाखेत ओपन इलेक्टिव्हला तीन पर्याय उभे करायला माणसं कुठून आणायची? कायम जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरच्या नेमणुका सत्र सुरू झाल्यावर होतात, आणि एखादा माणूस गेला की त्याचा विषयच बुडतो. एखाद्या विषयाला पुरेशी मुलं आली नाहीत तरी तो बंद. म्हणजे ऑगस्टमधलं वेळापत्रक आणि ऑक्टोबरमधली परीक्षा यांत गणपती एवढाच फरक नसतो, विषयही कधी कधी बदललेले असतात.

दुसरा बदल गुणांचा. जानेवारीत अर्ज करताना पहिल्या सत्रात एक केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला पेपर, दिसत होती, मार्चमध्ये पुनर्मूल्यांकनात ती सुटली. किंवा उलट, पास गृहीत धरलेल्या पेपरला गुणपत्रिकेत गैरहजेरी लागली, कारण अंतर्गत परीक्षेचे गुण कॉलेजने वेळेत चढवले नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ नये. तो पाळला गेला तरी पुनर्मूल्यांकनाचा काळ त्याच्या बाहेरच राहतो. आणि पाळला गेला नाही तर काय होतं हे २०१७ साली मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन पेपर तपासणीच्या गोंधळात सगळ्या राज्याने पाहिलं.

तिसरा बदल फारसा कुणी मोजत नाही, तो म्हणजे ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आणि स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचा. ओजेटीचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, एका क्रेडिटला ३० तास या हिशेबाने. मालवणात एखाद्या होमस्टेत किंवा डायव्हिंगवाल्याकडे मुलगा काम धरतो, अर्जात तेच नाव लिहितो, आणि मे संपता संपता समुद्रातले खेळ पावसासाठी बंद होतात. उरलेले ४० तास तो कुडाळच्या एखाद्या ऑफिसात काढतो. आता प्रमाणपत्रं दोन, अर्जात नाव एक. स्वयमचं असंच: कोर्सला नाव नोंदवलं म्हणून अर्जात क्रेडिट दाखवले, पण परीक्षेचं केंद्र लांब पडलं म्हणून परीक्षाच दिली नाही. नोंदणी म्हणजे क्रेडिट नव्हे. साप्ताहिक असाइनमेंट पूर्ण करूनही अंतिम परीक्षा न दिल्यास हाती क्रेडिटचं प्रमाणपत्र येत नाही. स्वयममधून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स घेता येतात, अशी मुभा यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ साली दिली. ती वाचून मुलं उत्साहाने यादी लांबवतात. अर्जात फक्त परीक्षेचं शुल्क भरलेला कोर्स लिहावा, बाकीचे लिहूच नयेत.

आता ‘गप रव’ का नको ते. दुसऱ्या विद्यापीठातला प्रवेश हा सुरुवातीला तात्पुरता असतो. कॉलेज कागद घेतं, हमीपत्र लिहून घेतं, वर्गात बसू देतं. खरी छाननी नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागात होते, आणि ती कित्येकदा तास सुरू होऊन महिने लोटल्यावर. तिथला माणूस अर्जातली यादी आणि गुणपत्रिका शेजारी ठेवतो. पेपर कोड जुळला नाही की फाइल बाजूला. मुलाला हे कळतं ते परीक्षेचा अर्ज भरताना किंवा हॉल तिकीट अडकल्यावर. तोवर जुन्या कॉलेजचा दाखला काढलेला, तिथलं नाव पटावरून गेलेलं, नव्या ठिकाणची फी भरलेली. जुलैत सांगितलं असतं तर फार तर एक जादा पेपर द्या म्हणाले असते. मार्चमध्ये उघड झालं तर वर्ष जातं.

शिवाय लपवून लपत नाही. क्रेडिट बँक, म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, जुलै २०२१ च्या यूजीसी नियमावलीने आली. तिच्यात क्रेडिट विद्यार्थी जमा करत नाही, संस्थाच करते. नोंद होते ती प्रत्यक्ष पास झालेल्या पेपरची, अर्जात लिहिलेल्याची नव्हे. म्हणजे जानेवारीत लिहिलेलं ‘किनारी पर्यटन’ आणि तिथे दिसणारा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हे कधी ना कधी समोरासमोर येणारच. आणि ही नोंद बऱ्याचदा उशिरा होते. त्या मधल्या काळात मुलीच्या हाती असतो फक्त फलकावरच्या कागदाचा मोबाइलमधला फोटो.

एका २ क्रेडिटच्या पेपरने एवढा काय फरक पडतो, असं वाटेल. पेपर तसा किरकोळच, पण गट किरकोळ नसतो. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात बहुविद्याशाखीय, म्हणजे आपल्या मुख्य विषयाबाहेरचे पेपर ३-३ क्रेडिटचे, तीन मिळून ९. कौशल्याचेही तसेच ९. आपल्याकडे तीच गोष्ट २ आणि ४ क्रेडिटच्या तुकड्यांत विभागलेली. त्यामुळे त्या आराखड्याप्रमाणे चालणाऱ्या विद्यापीठात गेल्यावर आपला २ क्रेडिटचा पेपर तिकडच्या ३ क्रेडिटच्या खणात आधीच सैल बसतो. त्यातही पर्यटनाचा पेपर असता तर अभ्यासक्रमाची प्रत दाखवून बहुविद्याशाखीय गटात घालता आला असता. व्यक्तिमत्त्व विकास कौशल्यात टाका म्हणतील, आणि मग बहुविद्याशाखीय गटात भोक पडेल. एकूण क्रेडिट ४४ चे ४४ राहूनही एका गटात कमी. ही कमतरता पुढे दोन वर्षं डोक्यावर राहते.

आणखी एक हिशेब पालकांनी कागदावर मांडून बघावा. क्रेडिट बँकेच्या २०२१ च्या त्याच नियमावलीत असं आहे की जी संस्था पदवी देणार, तिथून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले हवेत. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची. पहिल्या वर्षानंतर गेलात तर उरलेले ८० ते ८८ तिकडे होतात, प्रश्न नाही. दुसऱ्या वर्षानंतर गेलात तर तिकडे फक्त ४० ते ४४ उरतात, म्हणजे एक तृतीयांश. तिथे गाडी अडते. चार वर्षांच्या ऑनर्सला १७६ धरले तर दोन वर्षांनंतर गेल्यावर बरोबर ८८-८८, अगदी काठावर. काठावरच्या मुलाचा स्वयमचा एखादा कोर्स तिसऱ्याच संस्थेच्या नावावर जमा झाला, तर निम्म्याचं गणित २ क्रेडिटने कोसळू शकतं. म्हणून बदल कळवताना नुसता विषय नाही, त्याचे क्रेडिट कुठल्या संस्थेच्या नावावर पडणार हेही लिहावं लागतं.

बाहेर हे कसं करतात? अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षं करून मोठ्या विद्यापीठात जाणं हा राजमार्ग आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवीच्या नऊ कॅम्पसना एकच अर्ज चालतो, तो हिवाळ्याच्या तोंडावर भरायचा. मग जानेवारीत प्रत्येक ट्रान्सफर अर्जदाराने एक अद्ययावत माहितीचा फॉर्म भरायचा, मुदत ३१ जानेवारी. आधीच्या सत्राचे ग्रेड काय लागले, पुढच्या सत्रात कुठले कोर्स घेणार, कुठला सोडला, कुठला धरला. त्यानंतर काही बदललं तर ज्या ज्या कॅम्पसला अर्ज केला त्या प्रत्येकाला त्याच्या पोर्टलवरून वेगळं कळवायचं. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत. न सांगता कोर्स सोडला आणि नंतर उघड झालं, तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो, हे आधीच छापलेलं असतं.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: जानेवारीचा फॉर्म काहीही बदललेलं नसेल तरी भरायचा असतो. म्हणजे बदल सांगणारा मुलगा रांगेतून बाहेर काढलेला गुन्हेगार दिसत नाही. सगळेच भरतात, त्यात त्याचाही फॉर्म. आपल्याकडे बदल कळवणं म्हणजे साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून चूक कबूल करणं, असं का झालं, याचं उत्तर यात आहे. त्यांची सगळी व्यवस्था उचलून आणावी असं मी म्हणत नाही. तिथे मुलगा स्वतः कोर्स सोडतो-धरतो, इथे कॉलेज सोडायला लावतं. म्हणून आपल्या फॉर्मवर त्यांच्याकडे नसलेली एक ओळ लागेल: हा बदल विद्यार्थ्याने केला की महाविद्यालयाने?

ती ओळ छोटी आहे, पण सगळा भार तिथेच हलतो. बदल कॉलेजने केला असेल तर पुरावा देण्याची जबाबदारी कॉलेजची. प्राचार्यांनी नोटीस लावली त्याच दिवशी त्याची प्रत विद्यार्थी-निहाय यादीसह विद्यापीठाला जावी, आणि मुलाला मागितल्याबरोबर पत्र मिळावं. आज ते पत्र मिळवायला मुलगी तीन खेपा घालते. एकदा सर रजेवर, एकदा शिक्का कपाटात, एकदा कॉलेजची तपासणी करणारी नॅकची समिती आलेली.

विद्यापीठांनी ठरवलं तर हे महाग नाही. चालू सत्र अर्ध्यावर आल्यावर एकदा आणि निकालानंतर एकदा, पंधरा-पंधरा दिवसांची खिडकी. एक पानी फॉर्म, ‘बदल नाही’ला एक चौकोन. सात दिवसांत तीनपैकी एक लेखी उत्तर: चालेल, चालणार नाही, किंवा अमुक पेपर जादा करा. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. मुदत बांधून देण्याच्या सेवांत ही एक सेवा घालायला कुणाची हरकत असावी? दाखल्यांना मुदत असू शकते, तर ‘तुमचा पेपर चालेल की नाही’ या प्रश्नाच्या उत्तरालाही असू शकते.

यावर आक्षेप येतो की मग मुलं मनाला येईल तसे विषय बदलतील आणि कळवून मोकळी होतील. कळवणं म्हणजे मंजुरी नव्हे. नव्या ठिकाणच्या मेजरला आवश्यक असलेला पेपर सोडला असेल तर विद्यापीठाने नाही म्हणावं, स्पष्ट म्हणावं. खरं सांगितल्यामुळे जागा जाईल का? काही वेळा जाईलही. पण ती जुलैत जाते तेव्हा जुन्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा वर्ग अजून भरलेला नसतो.

त्यामुळेच दाखल्याची घाई करू नये. कॉलेज सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन, म्हणजे जुन्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला, हे शेवटचे दोन कागद, पहिले नव्हेत. नवीन विद्यापीठाची लेखी मान्यता हाती आल्याशिवाय मूळ दाखला काढला की परतीचा पूल आपणच तोडला. ‘अर्जासोबत मूळ प्रत जोडा’ असा आग्रह झाला तर बोनाफाइड आणि हमीपत्र देऊन मुदत मागावी. ती बहुधा मिळते, फक्त तोंडी मागून नाही.

रकाना येईल तेव्हा येईल, तोवर त्या सावंतवाडीच्या मुलीने काय करावं? अर्ज केला त्याच दिवशी दोन्ही याद्या, पेपर कोड आणि क्रेडिटसकट, जपून ठेवाव्यात. बदल झाला की त्याच आठवड्यात कॉलेजचं पत्र घ्यावं आणि त्यावर जावक क्रमांक आहे का बघावं. जावक क्रमांकाशिवायचं पत्र नुसतं शिक्का मारलेलं पान असतं. पत्रात जुना पेपर, त्याचा कोड, नवा पेपर, त्याचा कोड, दोन्हींचे क्रेडिट, दोन्हींचा गट आणि बदलाची तारीख एवढंच असावं. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द दिसले तर विनंती करून कारण लिहून घ्यावं: शिक्षक उपलब्ध नाही, विद्यार्थीसंख्या अपुरी, जे असेल ते. कारण नसलं की वाचणाऱ्याला मुलीनेच काहीतरी केलं असं वाटतं.

मग पात्रता विभागाला ईमेल. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक आधी, नाव नंतर. मजकूर पाच ओळींचा पुरे:

‘माझ्या दि. … च्या अर्जातील सत्र २ च्या यादीत अनुक्रमांक ६ येथे किनारी पर्यटन (२ क्रेडिट, ओपन इलेक्टिव्ह) असा उल्लेख आहे. महाविद्यालयाने दि. … रोजी तो पेपर बंद करून त्याऐवजी व्यक्तिमत्त्व विकास (२ क्रेडिट, ओपन इलेक्टिव्ह) दिला आहे. सत्राचे एकूण क्रेडिट बदललेले नाहीत. महाविद्यालयाचे पत्र आणि नव्या पेपरचा अभ्यासक्रम सोबत जोडला आहे. याचा माझ्या समकक्षतेवर काही परिणाम होत असल्यास कृपया लेखी कळवावे.’

यातलं तिसरं वाक्य विसरू नये. एकूण बेरीज बदलली नाही हे वाचल्यावर समोरच्याचा निम्मा संशय जातो. आणि शेवटचं वाक्य उत्तर मागतं. उत्तर आलं नाही तरी तुम्ही विचारलं होतं याची तारीख राहते. एका मेलमध्ये एकच बदल लिहावा. विषय बदलला, पुनर्मूल्यांकन झालं आणि पत्ताही बदलला, हे तिन्ही एका मेलमध्ये कोंबलं की पत्ता तेवढा दुरुस्त होतो.

ईमेलवर थांबू नये. तोच मजकूर छापून स्पीड पोस्टाने पाठवावा, पोचपावती जपावी. कुणी कोल्हापूरला जाणार असेल तर दोन प्रती द्याव्यात, एक तिथे, दुसरीवर आवकचा शिक्का मारून परत. पावसाळ्यात आंबोलीचा घाट किंवा आंबा घाट चढून एका शिक्क्यासाठी अख्खा दिवस जातो, एसटीचं भाडं वेगळं. म्हणून ही खेप जूनच्या आत उरकलेली बरी.

नावाचंही आधीच बघावं. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव असा क्रम असतो, आधारवर वेगळाच. क्रेडिट बँकेचं खातं आधारशी जुळतं, आणि एका अक्षराच्या फरकाने खातं अडलं की नवा पेपर सोडाच, जुने क्रेडिटही दिसत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी गुणपत्रिकेवर आरएलई किंवा आरआर अशी अक्षरं नाहीत ना हेही तपासावं. ती असली तर खालच्या सत्राचा एखादा पेपर राहिल्यामुळे निकाल राखून ठेवलेला असतो, आणि तो सुटल्याचं बाहेरच्या विद्यापीठाला आपोआप कळत नाही. सुधारित गुणपत्रिका आपणच पाठवायची. इंजिनिअरिंग-फार्मसीवाल्यांचं सगळंच वेगळं, त्यांच्या जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेने भरतात. त्यांनी हा लेख वाचून अर्ज करू नयेत.

जाता जाता कोकणाच्या एका जुन्या मागणीबद्दल. स्वतंत्र कोकण विद्यापीठ हवं असं अनेक वर्षं म्हटलं जातं, आणि त्यामागची तळमळ खरी आहे. साध्या कामासाठी तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या मुंबईला जावं लागतं, रत्नागिरीचं उपकेंद्र असूनही. पण आज रत्नागिरीचा मुलगा ठाण्याच्या कॉलेजात गेला तर तो त्याच मुंबई विद्यापीठात राहतो. ना-हरकत पत्रांवर काम भागतं, पेपर कोड बहुधा तेच, क्रेडिट तेच. उद्या वेगळं विद्यापीठ झालं की पनवेल-ठाणे-मुंबईकडे सरकणारा प्रत्येक मुलगा ट्रान्सफरवाला होईल. मायग्रेशन, पात्रता, समकक्षता, सगळं आलं. आणि कोकणातली मुलं मुंबईकडे सरकायची थांबणार नाहीत, हे गणपतीच्या परतीच्या गाड्या बघणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मागणी करणाऱ्यांनी इमारत कुठे बांधायची यावर रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा वाद घालण्याआधी दोन्ही विद्यापीठांचे पेपर कोड आणि क्रेडिट पहिली पाच वर्षं तरी एकसारखे ठेवण्याची अट आपल्या निवेदनात लिहावी. ती निवेदनात असली, तर निदान बैठकीत कुणीतरी ती मोठ्याने वाचेल.